हाडं तोडणाऱ्याचं आडनाव

जर्मन शेफनं माझ्या छातीवर बोकडाची अख्खी मांडी फेकून मारली, तिथून आमची ओळख सुरू झाली. मी रुवीतल्या एका मटण पुरवणाऱ्या कंपनीत तोडणीचं काम बघतो. मस्कतमधल्या बऱ्याच हॉटेलांना आमच्याकडून माल जातो. त्या दिवशी मटणात हाडाच्या कपच्या सापडल्या म्हणून मला किचनमध्ये बोलावलं होतं. शेफ सहा फुटांच्या वर, मानेला घडी, कान लालभडक. तो ओरडत होता, मी ऐकत होतो, आणि मध्येच त्यानं टेबलावरची मांडी उचलून माझ्यावर भिरकावली.

माझा हात आधी चालतो, डोकं मागून येतं. मी त्याचा एप्रन मुठीत धरला आणि त्याला फ्रीजच्या दारावर आदळलं. वरची दोन पातेली खाली आली. किचनमधली माणसं धावली, पण त्यानं हात वर करून सगळ्यांना थोपवलं.

"तू तोडलंस हे?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"नाही. नव्या माणसानं. बोथट सत्तूर होता."

"मग मी तुला का मारलं?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

तो हसायला लागला. इतका की त्याचं पोट माझ्या मुठीवर हलत होतं. मी एप्रन सोडला. त्यानं मला मागच्या दारी नेलं, चहा दिला आणि माझं नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं, "खाटीक." त्याला ते आडनाव वाटलं नाही, मी माझा धंदा सांगतोय असं वाटलं. दोन्ही एकच आहे हे समजल्यावर तो उठून उभाच राहिला. म्हणाला, "माझंही तसंच आहे."

त्याचं आडनाव मी इथं लिहिणार नाही. जगात ते लावणारी माणसं इतकी थोडी आहेत की लिहिलं तर तुम्ही सरळ त्याच्या दारात जाऊन उभे राहाल. अर्थ तेवढा सांगतो. हाडं तोडणारा.

नंतर माल घेऊन गेलो की मागच्या दारी आमचा चहा ठरलेला. त्यात तुकड्यातुकड्यानं त्यानं मला त्या आडनावाची हकीकत सांगितली. उत्तर जर्मनीतल्या जुन्या व्यापारी गावांमध्ये खाटकाला हाच शब्द होता. दक्षिणेत वेगळा शब्द, आणखी कुठं आणखी वेगळा. त्या बाकीच्या शब्दांची आडनावं झाली ती आपल्याकडच्या जोशी-कुलकर्ण्यांसारखी गल्लोगल्ली सापडतात. हा उत्तरेतला शब्द मात्र लोकांच्या बोलण्यातून गेला, आणि ज्यांच्या नावाला चिकटला होता त्यांच्याच घरात उरला. तरुणपणी तो नव्या गावात कामाला गेला की आधी टेलिफोनच्या पुस्तकात आपलं आडनाव शोधायचा. बहुतेक गावांत एकही नसे. एकदा एक म्हातारी सापडली. तिनं त्याला घरात घेतलं, जेवायला घातलं, मेलेल्या नवऱ्याच्या फोटोखाली बसवलं आणि त्याचा हात धरून रडली.

त्याला त्या नावाचा भारी माज. त्याच्या पूर्वजांच्या, म्हणजे गावातल्या खाटकांच्या, पंचायतीचं गावच्या चौकात स्वतःचं घर होतं म्हणे. गावावर कुणी चालून आलं तर हे लोक आपली हत्यारं घेऊन तटावर जात. एका गावात त्यांनी श्रीमंत कारभाऱ्यांविरुद्ध बंडही केलं होतं. ते फसलं आणि पुढाऱ्यांना हालहाल करून मारलं. हे सांगताना तो छाती काढायचा, जणू काल त्याच्याच काकाला मारलं.

मी एकदा विचारलं, "तुमच्या खाली कोण होतं?"

त्याला प्रश्न लगेच कळला. मेलेली जनावरं ओढून नेऊन सोलणारे होते, तो म्हणाला. पंचायतीतल्या माणसानं त्यांच्याबरोबर एक पेला दारू घेतली तरी त्याला हाकलून देत.

"आणि सख्खा भाऊच त्या कामाला लागला तर?"

"मग तो भाऊ नाही," तो सहज म्हणाला आणि चहा प्यायला. मी माझा कप खाली ठेवला, कारण मला सख्खा भाऊ आहे. तो त्याच हॉटेलच्या अकाउंट्समध्ये मॅनेजर आहे, वरच्या मजल्यावर बसतो, आणि त्याचं आडनाव खाटीक नाही.

हे कसं झालं ते सांगतो. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. मी शाळेत गेलो तो खाटीक म्हणून. मास्तरांनी हजेरी घेतली की मागच्या बाकावरून पोरं बें-बें करायची. बरेच दिवस सहन केलं. मग एकदा एकाच्या डोक्यात पाटी घातली. पाटीची चौकट त्याच्या गळ्यात राहिली आणि रक्त त्याच्या सदऱ्यावर. त्याचे तीन चुलते दुकानावर आले, त्यांनी वडलांना गिऱ्हाइकांसमोर खाली पाडून लाथांनी तुडवलं. ते गेल्यावर वडलांनी उठून मला कातड्याच्या वादीनं फोडून काढलं. पाठीवरचे व्रण अजून आहेत. पुढं धाकट्याला शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा वडील म्हणाले, "ह्याला तरी मार नगं." आणि गावाच्या नावाला 'कर' लावून ते त्याचं आडनाव म्हणून दिलं. त्याच्या नावाची शाई माझ्या मारामारीतून आलेली आहे, असं मी म्हणतो. त्याला ते आवडत नाही.

त्याचं नवं आडनाव त्याला मानवलं. पुण्यात शिकला, मोठ्या लोकांत वावरला, लग्न चांगल्या घरात झालं. त्याच्या बायकोला सगळं माहीत आहे, तिच्या माहेरी नाही. मस्कतला आला तेव्हा मी इथं जुना झालो होतो. विमानतळावर घ्यायला गेलो, तर बरोबर ऑफिसचा माणूस होता. भावानं माझ्याशी हात मिळवला. हात. त्यानंतर तो बौशरच्या साहेबी वस्तीत आणि मी हमरियात, कामगारांच्या. दोघांची रेसिडेंट कार्डं शेजारी ठेवली तर कुणी म्हणणार नाही की एका घरातले आहेत. त्याच्या हॉटेलात मी माल घेऊन जायचो, लिफ्टपाशी दिसला तर तो फोनमध्ये बघायचा. मला त्याच्याकडून दुसरं काहीच नको होतं. चार माणसांत एकदा त्यानं म्हणावं की हा माझा भाऊ. एवढंच हवं होतं, आणि ते न मिळाल्याचा राग माझ्या हातात साठत होता.

मग गेल्या वर्षी, थंडीत, तो स्वतःहून माझ्या कामावर आला. कोल्डरूमच्या दारात, इस्त्रीच्या शर्टात, नाकाला रुमाल लावून.

"आई आलीये," तो म्हणाला.

मला कुणी कळवलं नव्हतं. मी सत्तूर खाली ठेवला.

"कधी?"

"झाले थोडे दिवस. अरे, मुलाचं जावळ आहे. तिचा एकच हट्ट. म्हणते बोकड पाहिजे आणि तो घरच्याच हातानं फोडायचा. मी म्हटलं केटररला सांगतो, तर जेवायचीच बंद झाली."

ही आमच्या घराची रीत आहे. बोकडाच्या गळ्यावर सुरी आम्ही कधी चालवली नाही. गावात ते काम मुलाण्याचं, देवीचा बोकड असला तरी त्याचंच. तो देवाचं नाव घेऊन बाजूला झाला की सोलणं, फोडणं आमचं. आणि जावळाच्या बोकडाला भावकीबाहेरचा सत्तूर लागता कामा नये, नाहीतर पोराला ते बाधतं, असं आई मानते. मस्कतला बोकड म्युनिसिपालिटीच्या कत्तलखान्यात कापायचा असतो, म्हणजे मुलाण्याचं काम तिथं होऊन जातं. पुढचं घरच्या हातानं, आणि भावानं तर आयुष्यात कांदाही चिरलेला नाही. म्हणून साहेब माझ्या दारात.

"येतो," मी म्हणालो.

तो जायला वळला, परत आला. "ऑफिसचे लोक असतील. बायकोच्या माहेरचेही. तू मागच्या अंगणात बस. कुणी विचारलं तर..."

"तर?"

"गावाकडच्या ओळखीचा आहेस म्हण. प्लीज. आईशी बोललोय मी."

मी त्याला तिथंच हाणायला हवा होता. पण आईला बघायचं होतं, पोराला बघायचं होतं. मी मान हलवली.

शुक्रवारी सकाळी मी बोकड घेऊन बौशरला पोचलो. छोटासा व्हिला, मागं भिंतीआड फरशी घातलेलं अंगण, तिथं त्यानं प्लॅस्टिक अंथरून ठेवलं होतं. माझा लाकडी ओंडका मी सोबत आणला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वाळली होती. तिनं मला बघितलं, माझ्या तोंडावरून हात फिरवावा म्हणून हात उचलला, आणि आतून सुनेचा आवाज आल्याबरोबर खाली घेतला. पदरानं हात पुसल्यासारखं केलं.

"आलास का," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी तोडायला लागलो. असा बोकड मी एरवी अर्ध्या तासात मोकळा करतो. त्या दिवशी प्रत्येक घाव गरजेपेक्षा जोरात पडत होता. बरगड्या फुटल्या, कणा दुभंगला, नळ्या ओंडक्यावर उडत होत्या. हाडाचा एक तुकडा माझ्या भुवईला लागला, तिथून रक्त आलं, ते मी पुसलं नाही. हॉलमध्ये माणसं जमत होती. अंगणाकडचं काचेचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. भाऊ मध्येच दारात आला आणि लोकांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणाला, "मामा, झालं का मटण?"

मामा. एसटीच्या कंडक्टरला म्हणतात, ऑफिसच्या शिपायाला म्हणतात, तसं. मी त्याचा थोरला भाऊ आहे. लहानपणी त्याला तापात पाठीवर घेऊन मी डॉक्टरकडं पळालोय. मी सत्तूर मांडीच्या खुब्यात असा घातला की ओंडक्याला चीर गेली.

"होतंय, साहेब," मी म्हणालो.

जर्मन उशिरा आला. तो त्या घरातला सगळ्यात मोठा पाहुणा, पण आल्याआल्या त्याची नजर काचेतून अंगणात गेली आणि तो सरळ माझ्याकडंच आला. "तू इथं?" म्हणत रक्तानं भरलेल्या माझ्या हाताशी हात मिळवला, ओंडक्याची चीर बघून शीळ घातली, आणि माझ्या खांद्यावर थाप मारून आत गेला. आत कुणीतरी त्याला विचारलं की तुम्ही त्या माणसाला कसं ओळखता. त्यावर त्यानं आपली सगळी हकीकत सुरू केली. हाडं तोडणारे, त्यांची पंचायत, त्यांचं चौकातलं घर, बंड, टेलिफोनची पुस्तकं, म्हातारी. इंग्रजी मला बेताचं येतं, पण ही गोष्ट मला पाठ आहे.

लोक अक्षरशः भारावले. भावाची सासू म्हणाली, "किती इंटरेस्टिंग." कुणी म्हणालं, इतकी शतकं एकच धंदा, एकच नाव, केवढी परंपरा. एकानं तर नेटवरून त्या गावाच्या चौकाचा फोटो काढून फिरवला. हाडं तोडणाऱ्याच्या आडनावाचं त्या हॉलमध्ये असं कौतुक चाललं होतं, आणि खाटीक काचेच्या पलीकडं हाडं तोडत होता. मला हसू आलं. खरंच आलं.

मग जर्मन म्हणाला, "बाहेर जो आहे ना, तोही तसाच. त्याचंही आडनाव धंद्याचंच. तो माझा भाऊ आहे."

ब्रदर, हा शब्द त्यानं दोनदा म्हटला. हॉलमध्ये हशा झाला, प्रेमळ हशा. मी सत्तूर धरून उभा होतो आणि काचेतून माझ्या भावाकडं बघत होतो. तोही माझ्याकडंच बघत होता. आता म्हण, असं मी मनात म्हणत होतो. परक्यानं वाट करून दिलीय, आता नुसतं म्हण.

भाऊ हसला. सासूकडं वळून मराठीत म्हणाला, "आमच्या गावचा कसाई आहे तो. ही माणसं सुरीला चांगली असतात हो, पण रानटीच. जरा जपून राहावं लागतं."

मी सत्तूर ओंडक्यात रोवून ठेवला. तेवढी अक्कल होती, कारण तो हातात असता तर मी आज हे लिहायला बाहेर नसतो. मग आत गेलो. रक्ताळलेल्या पायांचे ठसे त्यांच्या गालिच्यावर उठले. भावाची कॉलर धरली आणि एक कानाखाली वाजवली. तो सोफ्यावरून टीपॉयवर गेला, काच फुटली, पेढे सगळीकडं. बायका किंचाळल्या. मी त्याला उचलून दुसरी दिली. त्याचा ओठ फाटला.

तो उठला तेव्हा साहेब राहिला नव्हता. गावातल्यासारखं त्यानं डोकं माझ्या पोटात खुपसलं आणि आम्ही दोघं भिंतीवर आदळलो. त्यानं माझ्या बरगडीत गुद्दे घातले, चांगले घातले, मला वाटलं नव्हतं त्याच्यात अजून एवढा जोर असेल. मी त्याचे केस धरले, त्यानं माझ्या दंडाला चावा घेतला. जर्मन मध्ये पडला तर त्याच्या नाकावर माझं कोपर बसलं आणि त्याच्याही शर्टावर रक्त आलं. पोर भावाच्या मेहुण्याच्या मांडीवर टाहो फोडत होतं.

"पोलिसांना बोलवा," सासू ओरडली. "खून करेल तो."

भावाच्या ऑफिसातल्या एकानं फोन काढला. त्याचा अर्थ मला कळत होता. मॅनेजरच्या घरात शिरून मॅनेजरला मारणारा मटण कंपनीचा माणूस. आधी कोठडी, मग व्हिसा रद्द, मग पहिलं विमान. इथली एवढ्या वर्षांची भाकरी एका दुपारी खलास. तरी मी भावाची कॉलर सोडली नव्हती. त्या माणसानं नंबर दाबता दाबता भावाला विचारलं, "सर, कोण आहे हा? काय सांगू?"

भाऊ फाटक्या ओठानं माझ्याकडं बघत राहिला.

तेवढ्यात आई आली. सकाळपासून ती पाहुण्यांपैकी कुणाशी शब्दही बोलली नव्हती, त्यांना वाटलं असेल म्हातारीला ऐकू येत नाही. ती माणसं बाजूला सारत आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि तिनं हात वर करून फाडकन माझ्या मुस्काटात मारली. वडलांच्या वादीनं जेवढं लागलं नाही तेवढं लागलं.

"थोरला हाईस ना तू?" ती ओरडली. "धाकल्या भावावर हात टाकतुस? ह्यासाठी दूध पाजलं का तुमास्नी?"

पोरसुद्धा रडायचं थांबलं. फोनवाल्यानं फोन कानापासून खाली घेतला. भावाची सासू त्याच्या बायकोकडं बघत होती आणि बायको खाली गालिच्याकडं. मी कॉलर सोडली.

भाऊ आईला म्हणाला, "आई, तुला बोलू नको सांगितलं होतं ना." अगदी लहान आवाजात म्हणाला, पण त्या शांततेत ते प्रत्येकानं ऐकलं.

आईनं त्याला मारलं नाही. त्याच्याकडं एकदा बघितलं फक्त. मग पदराच्या टोकानं माझ्या भुवईचं रक्त पुसायला लागली, तिथं, सगळ्यांसमोर. सकाळी खाली घेतलेला तिचा हात आता माझ्या तोंडावरून फिरत होता. मला रडू आलं आणि मी ते दाबलं नाही.

रुमालानं नाक धरून बसलेल्या जर्मननं मला विचारलं, "ती काय म्हणाली?"

मराठी समजणारी वीसेक माणसं त्या खोलीत होती. कुणीही त्याला सांगितलं नाही.

"धाकट्या भावाला मारू नको म्हणाली," मी सांगितलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, आणि मग मान खाली घातली. मी अंगणात गेलो, उरलेला बोकड फोडून संपवला, कारण जावळाचा बोकड अर्धा टाकून उठत नाहीत. मटण पातेल्यात घालून आईच्या हातात दिलं आणि टॅक्सी करून हमरियाला आलो. जावळ झालं की नाही, कोण जेवलं, कोण उठून गेलं, मला माहीत नाही. पोलीस आले नाहीत. आई गावाला परत निघाली तेव्हा मी तिला विमानतळावर भेटलो, भाऊ गाडीत बसून होता.

त्या गोष्टीला वर्ष झालं. भाऊ माझ्याशी बोलत नाही. हॉटेलात माल घेऊन गेलो आणि लिफ्टपाशी समोर आला तर आता फोनमध्ये बघत नाही. माझ्याकडं रोखून बघतो, रागानं, आणि निघून जातो. परवा किचनमध्ये एक नवीन माणूस हे बघत होता. त्यानं मला विचारलं, "अकाउंट्सचे साहेब तुमच्यावर एवढे का भडकलेत? कोण लागतात तुमचे?"

"भाऊ आहे," मी म्हणालो. "आमचं बोलणं नाही."